चौदा वर्षांवर पाणी

दुःख नंतर सांग. आधी आकडा सांग.

भरती होऊन किती वर्षं झाली? चौदा. जवानाला पेन्शन बसायला किती लागतात? पंधरा. आणि तू काय केलंस? ‘घरगुती अडचण’ असं कारण लिहून मुदतीआधी सुटण्याचा अर्ज दिलास. स्वतःच्या मागणीवरून. वर सुट्टीवर येऊन शहापूरच्या नाक्यावर पोरांना सांगतोयस, आता कायमचा गावात. मला कळलं तेही तिसऱ्याच माणसाकडून. दहावीचा निकाल लागला तेव्हा पहाटे माझं दार ठोठावणारा पोरगा तू. आयुष्याचा निर्णय घेताना सरांचं घर सापडलं नाही?

तुझं गणित कच्चं असतं तर मी गप्प बसलो असतो. सातवीत व्याजाचं उदाहरण मी फळ्यावर पुरतं लिहायच्या आत तुझं उत्तर तयार असायचं. म्हणूनच राग येतोय. ज्याला कळत नाही त्याला मी शिकवतो. ज्याला कळतं आणि तरी जो डोळ्यांवर कातडं ओढून घेतो, त्याला काय शिकवू?

आता नीट ऐक. मधे बोलू नकोस.

शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सगळ्यांना सेवा पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. अधिकाऱ्याला २०. चौदा वर्षांच्या माणसाला चौदा वर्षांपुरती पेन्शन मिळत नाही. त्याला एकरकमी ग्रॅच्युइटी मिळते, फंडात जमलेले पैसे मिळतात, आणि खातं बंद होतं. हा नियम मला स्वतःला पटत नाही. ज्याने चौदा हिवाळे सीमेवर काढले त्याला त्या प्रमाणात काहीतरी दरमहा मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पण माझ्या मताने तुझ्या घरची चूल पेटणार नाही. नियम आहे तो असा आहे, आणि भरतीच्या दिवसापासून असाच आहे. तुला आज कळला, असं म्हणू नकोस.

‘सर, वर्षभर कमी पडलं तर माफ करतात.’ कोणी सांगितलं? कॅन्टीनच्या रांगेतल्या मित्राने? खरं आहे ते. १२ महिन्यांपर्यंतची तूट माफ करायची तरतूद आहे. पण त्याच्यापुढचे शब्द वाचलेस का? जो स्वतःहून सुटतो त्याला ती सवलत लागू नाही. तू जो अर्ज दिलास, नेमका तसा अर्ज देणाऱ्यालाच ती नाकारली आहे. अर्धा नियम ऐकायचा, गोड लागेल तेवढाच, आणि उरलेला कानाआड करायचा. ही सवय तुला शाळेत नव्हती. कुठून लावून घेतलीस?

आणि चौदा तरी पुरी भरलीत का? बोटांवर मोजू नकोस. बहिणीच्या लग्नाला आला होतास, तेव्हा सुट्टी संपल्यावर किती दिवस इथे होतास? म्हशाची जत्रा पाहिल्याशिवाय हलला नाहीस, सगळ्या गावाने पाहिलं. ते दिवस पुढे रजेत बसवून घेतलेस की गैरहजेरीत गेले? रजेविना गैरहजर राहिलेले दिवस, शिक्षेत काढलेले दिवस, हे पेन्शनच्या सेवेत धरत नाहीत. तुझ्या नावापुढे लाल शाईच्या नोंदी किती आहेत? तुझा शीट रोल, म्हणजे सेवेच्या नोंदींचा कागद, शेवटचा कधी पाहिलास?

माहीत नाही, म्हणतोस. क्लार्कला माहीत असेल, म्हणतोस.

रायफल डोळे झाकून उघडतोस आणि जोडतोस. तिचा एकेक पुर्जा नावानिशी सांगतोस. का शिकलास? जीव त्यावर अवलंबून आहे म्हणून. मग ज्या चार कागदांवर बायको, पोरगी आणि आई, तिघींचा जीव अवलंबून आहे, ते क्लार्कच्या भरवशावर? क्लार्क शेकडो जणांचे कागद सांभाळतो. तुला एकट्यालाच तुझे सांभाळायचे होते.

आईचं कारण पुढे करतोस. ते मला सगळ्यात जास्त लागलं. ‘आई आजारी असते, जवळ राहायला हवं.’ तुझ्या आईला मी तुझ्याआधीपासून ओळखतो. तिला औषधाची गरज आहे, हे मलाही दिसतं. आज ती तुझ्यावर अवलंबून आहे म्हणून तिला लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात. गेल्या वर्षी कुलाब्याच्या अश्विनी हॉस्पिटलात नेलं होतंस ना? बिल किती झालं? काही नाही. उद्या पेन्शनविना सुटलास की तो हक्क गेला. पेन्शन घेऊन आलास तर २००३ पासून सुरू असलेली ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. एकदाच वर्गणी भरायची, आणि पुढे तू, बायको, पोरगी, नियमात बसणारे आईबाप यांची सोय. पेन्शन नाही, तर ते कार्डही नाही. ज्या आईच्या नावाने अर्ज लिहिलास तिच्याच औषधावर तू काट मारतोयस. तिला हे सांगितलंस? सांगून बघ. ती स्वतः तुला परत पाठवेल.

मग खरं कारण काय? मी सांगू?

नाशिक हायवेवर तुझा मित्र प्लॉटिंग करतो. खर्डीला एक, मुरबाडच्या बाजूला दोन, मुंबईच्या लोकांना शनिवार-रविवारचे बंगले. त्याने तुला भागीदारीचं गाजर दाखवलंय. फौजी माणूस सोबत असला की गिऱ्हाईक विश्वास ठेवतं, असं त्याचं गणित आहे. तुझी ग्रॅच्युइटी आणि फंड त्याच्या धंद्यात घालायचा, असं तुमचं ठरलंय. खोटं असेल तर सांग. समृद्धी महामार्गासाठी आपल्या तालुक्यातल्या जमिनी गेल्या, तेव्हा घरोघरी पैसा आला. अंगणात गाड्या उभ्या राहिल्या. त्या गाड्या आज कुणाच्या नावावर आहेत, बँकेत काय उरलंय, तूच एकेका घरी जाऊन विचार. रक्कम हातात येते ती जायलाच येते. दर महिन्याच्या पैशाची गोष्ट वेगळी. तो थोडा असतो, पण तुझ्यानंतरही घरात येत राहतो.

तू हुशार होतास ना व्याजात? घे उदाहरण. वय ३३. पंधरा भरून सुटलास तर ३४. पंचाहत्तरीपर्यंत जगलास तर ४१ वर्षं. महिने ४९२. किमान पेन्शन ९,००० रुपये. गुणाकार कर. ४४ लाख २८ हजार. हा सगळ्यात खालचा आकडा आहे. तुझी पेन्शन त्याहून जास्त बसेल, कारण ती शेवटच्या पगाराच्या निम्मी असते, मिलिटरी सर्व्हिस पे धरून. त्यावर वर्षातून दोनदा महागाईची वाढ. आणि पुढे जगशील तितकी वर्षं जास्त. हे सगळं सोडून तू किती घेऊन येतोयस? मित्राच्या एका प्लॉटचा तरी दर निघतो का त्यातून?

दुसरी पळवाट. ‘सर, पोलीस भरतीत माजी सैनिकांना जागा राखीव आहेत.’ आहेत. महाराष्ट्रात १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण माजी सैनिक कोणाला म्हणायचं, याची व्याख्या केंद्राने करून ठेवली आहे. पेन्शन मिळवून सुटलेला, मग तो मागून सुटलेला का असेना, माजी सैनिक. वैद्यकीय कारणाने सोडलेला, कपातीत गेलेला, ठरलेली मुदत पुरी केलेला, हेही माजी सैनिक. पेन्शन मिळायच्या आत स्वतः मागून बाहेर पडलेला त्यात नाही. चौदा वर्षं वर्दी घातलेला तू, आणि आरक्षणाच्या कागदावर माजी सैनिक म्हणून तुझी गणतीच नाही. गावात लोक ‘फौजी’ म्हणतील. भरतीच्या टेबलावर तो शब्द चालत नाही. तिथे कागद मागतात.

भात कापणीला आलं असताना विळा बांधावर टाकून कोणी शेताबाहेर निघून जातं का? तुझ्या बापाने तुला त्याच बांधावर उलटा टांगला असता.

आता पंधराची गोष्ट बाजूला ठेव. पंधरा भरून लगेच पळण्याचा विचार असेल तर तोही चुकीचाच आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात वन रँक वन पेन्शनचा आदेश निघाला, १ जुलै २०१४ पासून लागू झाला. त्यासाठी म्हातारे फौजी दिल्लीत जंतरमंतरवर महिनोन्‌महिने बसले होते. त्या आदेशाने दर पाच वर्षांनी पेन्शन नव्याने ठरते. २०१९ ला ठरली, २०२४ ला ठरली. पण त्यात एक अट आहे. जो यापुढे स्वतःच्या मागणीवरून मुदतीआधी सुटेल त्याला ती लागू नाही. पेन्शन मिळेल, पण तुझ्या बरोबरीच्यांची वाढत राहील आणि तुझी मागे पडेल. शिपायाच्या हुद्द्यावर मुदत १७ वर्षांची. दोन वर्षांची वाढ मिळाली तर १९. म्हणजे सतरा भरायला आणखी तीन वर्षं. त्यात १६ व्या वर्षी एमएसीपीची, बढतीविना मिळणारी वाढ, म्हणजे वरचा पगार, म्हणजे वरची पेन्शन. हेही सोडून येणार होतास? कोणत्या गणिताने?

आणि शिपायाच्याच हुद्द्यावर का राहिलास? हा प्रश्न मला तुला केव्हापासून विचारायचा होता. नाईकाला २२ वर्षं मिळतात, वाढीव २४. हवालदाराला २४, वाढीव २६. नायब सुभेदार २६ ते २८, सुभेदार २८ ते ३०, सुभेदार मेजर ३२ ते ३४. वयाची मर्यादा त्याबरोबर असतेच. हुद्दा वाढला की नोकरीची वर्षं वाढतात, पगार वाढतो, पेन्शन वाढते. त्यासाठी प्रमोशन कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स, करावा लागतो. तुझ्या बरोबर बेळगावला भरती झालेली पोरं कॅडर करून नाईक झाली. तू दोनदा टाळलास. पहिल्यांदा गुडघा. दुसऱ्यांदा सुट्टी. मला तू काय सांगितलंस? ‘मॅप रीडिंग जमत नाही.’ अरे, भूगोलात वर्गात पहिला तू! माहुली गडावरून भातसा धरण कुठे, तानसा कुठे, कुठल्या दिशेला किती अंतरावर, हे तू मला न विचारता वहीत काढून दाखवलं होतंस. तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास. तुला नकाशा जमत नाही? तुला मेहनत नको होती. दोन्हीतला फरक मला कळतो.

तुला हातात काय आहे याची किंमत नाही, कारण दुसऱ्याकडे ते नाही हे तू पाहतच नाहीस. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, ५८ व्या वर्षी निवृत्त झालो, जुनी पेन्शन मिळते. तुझ्या वर्गातला जो शिक्षक झाला त्याला ती नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून. सीआरपीएफ, बीएसएफमधल्या तुझ्याच वयाच्या पोरांनाही नवी योजना लागली. फक्त सैन्यदलांना वगळलं. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले होते. शाळा बंद, दवाखाने अडलेले. कशासाठी? तुला जे नुसतं आणखी एक वर्ष काढून मिळणार आहे, त्यासाठी. तुझा तो वर्गमित्रही त्या संपात होता. त्याला जाऊन सांग की तू ते सोडून आलास.

फौजेला ही सवलत उगाच नाही. सैन्याला जवान तरुण लागतो. लेफ्टनंट जनरल साठीला निवृत्त होतो. शिपाई छत्तिशी-सदतिशीत घरी येतो. तेव्हा त्याची पोरं चौथी-पाचवीत असतात. घराचा खर्च तेव्हाच चढणीला लागतो. म्हणून पंधरा वर्षांवर पेन्शन ठेवली. तुझी पोरगी आता कितवीत आहे? पहिलीत ना? तिची दहावी, बारावी, पुढचं शिक्षण, सगळं अजून व्हायचंय. सुभेदार रामजी सकपाळ फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला आले, मग साताऱ्याला गेले. पैशाची ओढाताण कायमची. पण फौजेची पेन्शन येत होती, आणि त्या माणसाने त्या घरातलं पोरगं शिकवलं. ते पोरगं पुढे कोण झालं, हे मी तुला सांगायला नको. पेन्शन म्हणजे म्हातारपणीचा तंबाखूचा खर्च नव्हे. ती तुझ्या पोरीची फी आहे.

आता बायकोचं. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून आवाज चढला तर चढू दे.

ती मुरबाडकडची. लग्नाआधीचं नाव एक. लग्नात तुम्ही बदललेलं दुसरं. आधार कार्डावर तिसरंच, आडनावाच्या स्पेलिंगसकट. तुझ्या लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधली नोंद, निघाली तेव्हा त्यात कोणतं नाव गेलं? पोरीच्या जन्माची ऑर्डर निघाली का? तू म्हणालास, ‘करून टाकू सर, घाई काय आहे.’ सात वर्षं झाली. घाई काय आहे? तू जिथे ड्युटी करतोस तिथे घाई काय असते, हे मी तुला सांगायचं?

सेवेत असताना तुझं काही बरंवाईट झालं, तर तिला कुटुंब पेन्शन मिळते. पहिली १० वर्षं शेवटच्या पगाराच्या निम्मी, नंतर ३० टक्के. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना गेलास तर उदार कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटचा पूर्ण पगार. पण ती मिळायला तिचं नाव कागदावर ती जशी आहे तसं असायला हवं. नाहीतर धसईच्या माहेरी बसून ती ठाणे, बेळगाव आणि प्रयागराज इथल्या कार्यालयांना पत्रं लिहीत बसेल. कोणाकडून लिहून घेईल? माझ्याकडून. म्हणून मी आत्ता ओरडतोय. आणि पेन्शनविना सुटून आलास तर तेही नाही. ज्याला पेन्शन नाही त्याच्या विधवेला कुटुंब पेन्शन नाही. तिला हे माहीत आहे का? अर्ज लिहिताना तिला विचारलंस का? घरगुती अडचण लिहिलीस, आणि घरात विचारलं नाहीस.

आता सगळं ‘स्पर्श’ या पेन्शनच्या संगणक यंत्रणेवर चालतं. संगणकात नाव, जन्मतारीख, आधार, बँक खातं जुळलं नाही की पैसे थांबतात. २०२२ मध्ये ओळख पटवायची राहिली म्हणून ५८ हजारांहून जास्त पेन्शनरांची एप्रिलची पेन्शन अडली होती. सरकारने मुदत देऊन ती सोडवली. ती माणसं आळशी होती असं मी म्हणत नाही. त्यातली कितीतरी सत्तरी-ऐंशीतली, मोबाइल न वापरणारी. तू तेहतीस वर्षांचा आहेस आणि दिवसाचे तीन तास मोबाइलवर असतोस. तुझ्या आळीतल्या त्या म्हाताऱ्या फौजी विधवेला नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढून द्यायला कोण गेलं? तुझी बायको. ‘जीवन प्रमाण’ २०१४ पासून आहे, बोटाचा ठसा दिला की काम होतं. तिने शिकून घेतलं. तू शिकला नाहीस.

आणखी एक. गुडघ्याचं. नाक्यावर कोणीतरी तुला सल्ला दिला म्हणे, की मेडिकल काढ, अपंगत्वाची पेन्शन घेऊन ये. माझ्यासमोर हे पुन्हा बोलायचं नाही. ती पेन्शन बर्फात पाय गमावलेल्यासाठी आहे, सुरुंगात हात गेलेल्यासाठी आहे. किमान २० टक्के अपंगत्व लागतं, आणि ते सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं असं बोर्डाला पटावं लागतं. तुझा गुडघा गावच्या क्रिकेटमध्ये दुखावला. मी पॅव्हेलियनला बसलो होतो. खरंच दुखत असेल तर तिथल्या डॉक्टरला दाखव आणि बरा कर. खोटं सांगून पैसा आणलास तर या घराची पायरी चढू नकोस.

आणि पोरांना फसवणं बंद कर. पहाटे चार वाजता आसनगावच्या रस्त्यावर पंचवीस-तीस पोरं धावतात. तुला बघून धावतात. तू सुट्टीवर आलास की त्यांना घेऊन बसतोस आणि सांगतोस, फौजेत जा, पंधरा वर्षांत पेन्शन. कोणत्या काळातली गोष्ट सांगतोस? १४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झाली. आता शिपाई म्हणून जाणारा पोरगा अग्निवीर म्हणून जातो, चार वर्षांसाठी. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, त्यातले हातात २१,०००, बाकी फंडात. सुटताना सेवा निधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे ठेवतात, त्यांनी नव्याने १५ वर्षं करायची. आधीची चार त्यांच्या पेन्शनमध्ये धरत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत प्रशिक्षणाला बसलेल्या सैन्याच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ संपता संपता भरतात. ती पोरं तेविशी-चोविशीत घरी येतील. हे त्यांना जाण्याआधी माहीत हवं. जाऊ नका असं मी म्हणत नाही. कळून जा, म्हणतो. बारावी पुरी करा, हाताला एखादं काम शिका, चार वर्षांनंतरचं आधी ठरवा आणि मग धावा. हे तू सांगायला हवं होतंस. ती तुझं ऐकतात, माझं नाही. ज्या पोरांना चार वर्षांनी बाहेर काढणार आहेत, त्यांच्यासमोर पंधरा मिळण्याची संधी असलेला माणूस चौदाव्या वर्षी पळून येतो. त्यांनी काय शिकायचं तुझ्याकडून?

गप्प का झालास? मघाशी बरंच बोलत होतास.

साहेब त्रास देतो, म्हणालास. देत असेल. साहेब दोन-तीन वर्षांत बदलतो. पोस्टिंग बदलतं. पेन्शन चाळीस वर्षं चालते. कंटाळा आला, म्हणालास. हे मात्र खरं बोललास, आणि याच्यासाठी मी तुला बोल लावणार नाही. चौदा वर्षं घराबाहेर राहून कोणालाही कंटाळा येईल. पोरगी तुला सुट्टीत ओळखायला दोन दिवस लावते, हे मला तुझ्या बायकोने सांगितलं. ते दुखतं, मला कळतं. पण दुखलं म्हणून डोकं गहाण टाकायचं नसतं. कंटाळ्यावर रजा आहे. फॅमिली स्टेशन मागता येतं. त्यासाठी अर्ज केलास? नाही. सोपा अर्ज केला नाहीस आणि सगळं संपवणारा अर्ज मात्र एका बैठकीत लिहिलास.

आता काय करायचं ते ऐक, आणि लिहून घे.

अर्ज अजून मंजूर झालेला नाही ना? मग आजच्या आज तुझ्या कंपनीच्या सुभेदार साहेबांना फोन कर. अर्ज मागे घेतो, असं स्पष्ट सांग. कारण विचारलं तर खरं सांग: नियम नीट माहीत नव्हता. युनिटला पोहोचल्यावर लेखी दे, आणि पोच घे. नुसत्या तोंडी शब्दावर विसंबू नकोस. मग शीट रोल मागून बघ. भरतीची तारीख, गैरहजेरीचे दिवस, लाल नोंदी, बायकोचं नाव, पोरीचं नाव, नॉमिनी. जिथे चूक असेल तिथे दुरुस्तीचा अर्ज लगेच. पुढच्या प्रमोशन कॅडरला नाव दे. मॅप रीडिंगची पुस्तकं घेऊन ये, सुट्टी संपेपर्यंत रोज संध्याकाळी मी बसतो तुझ्याबरोबर. मला सैन्यातलं येत नाही. समोच्च रेषा येतात.

मित्राला सांग की भागीदारी होणार नाही. रागावला तर रागावू दे. पैशासाठी दोस्ती करणारा पैशाशिवाय टिकत नाही. आणि पुढे कधी पेन्शन घेऊन आलास तर कम्युटेशनचा विचारही मला विचारल्याशिवाय करायचा नाही. निम्मी पेन्शन विकून एकरकमी रक्कम मिळते, आणि ती निम्मी परत सुरू व्हायला पंधरा वर्षं लागतात. त्या रकमेवर आत्ताच कोणाकोणाचे डोळे आहेत, मला माहीत आहे.

सोमवारी ठाण्याला जायचंय, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. आसनगावहून सकाळची लोकल. माझा डबा मी घेतो, तू कागद घे: तुझं आणि तिचं आधार, लग्नाचा दाखला, पोरीचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख काय आहे ते आज रात्रीच बघ. आधारवर वेगळी असेल तर तेही दुरुस्त करावं लागेल. आणि तिला सोबत आण. तिच्या सह्या लागतील, आणि तिथे काय सांगतात ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं.

फोन कर आता. इथेच बसून. मी पाणी आणतो.